करड्याची गुरगुर आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यात घालतात तो नव्हे. गळ्यातल्या पट्ट्याला जो अडकवतात, ज्याचं एक टोक माणसाच्या मुठीत आणि दुसरं कुत्र्याच्या मानेपाशी असतं, तो लांब पट्टा. माझी लांबी साडेतीन हात. एका टोकाला हात घालण्यासाठी चामड्याचं कडं शिवलेलं आहे, दुसऱ्या टोकाला पितळी आकडा आहे. आकड्यापासून वीतभर अंतरावर माझ्या अंगात दोन भोकं आहेत. ती कारागिराने पाडलेली नाहीत. ती कशी पडली, तेच मला सांगायचं आहे.

मला एका चामड्याच्या कारागिराने बनवलं. त्याने मला तेल पाजलं, दोन्ही कडांनी मेणाच्या दोऱ्याची दुहेरी शिवण घातली आणि खुंटीला अडकवून आपल्या अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. मी हूं की चूं केलं नाही. तेव्हा तो खूश होऊन गिऱ्हाइकाला म्हणाला, "घेऊन जा. तुमचा हात सुटेल, पण हा तुटायचा नाही." ते ऐकून मला फार अभिमान वाटला होता. न तुटणं हीच पट्ट्याची मोठी लायकी, असं मी बरेच दिवस समजत होतो.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक किल्लीवाला. त्याच्या घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. रस्त्याकडे उघडणारं दार, भिंतीवर टांगलेल्या शेकडो किल्ल्या आणि भिंतीला लागून जड लाकडी टेबल. मागच्या खोलीत त्याची बायको कपडे शिवायची. त्यांना एकच मुलगी, या गोष्टीच्या वेळी तीन वर्षांची. सापडेल ते बटण तोंडात घालायची सवय असल्यामुळे तिला सगळे 'बटण' म्हणत. आणि चौथा करड्या. राखेच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, पिल्लू असताना घरी आलेला कुत्रा.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. सकाळी किल्लीवाल्याने मला खुंटीवरून काढलं, की करड्या नुसता नाचायचा. मी म्हणजे रस्ता, मी म्हणजे गवत, मी म्हणजे कोपऱ्यावरच्या खांबाचा वास. मित्रांनो, आपल्याला पाहून कोणाला तरी इतका आनंद व्हावा, यापेक्षा एका पट्ट्याला आणखी काय हवं?

किल्लीवाल्याचं काम मी रोज पाहत होतो. कुलूप किरकिरतं म्हणून कोणी तक्रार घेऊन आलं आणि वर दोन थेंब तेल सोडा म्हणालं, की तो मान हलवायचा. "आवाज येतोय म्हणजे आत काहीतरी घासतंय. नुसता आवाज दाबून काय उपयोग? कुठे घासतंय ते बघायला नको?" असं म्हणून तो अख्खं कुलूप खोलून बसायचा. हे वाक्य लक्षात ठेवा. तो स्वतः मात्र ते विसरला.

तिसऱ्या वर्षी करड्या गुरगुरू लागला. बटण त्याच्या पडलेल्या कानाकडे हात नेई, तेव्हा. झोपेत कोणी त्याच्यावर वाकलं, तेव्हा. एकदा तर एका जुन्या गिऱ्हाइकाने लाडाने डोकं कुरवाळलं, तेव्हाही. ते गिऱ्हाईक हात मागे घेऊन म्हणालं, की कुत्रा डोक्यावर बसलाय, त्याला मालक कोण ते एकदा दाखवून द्या. किल्लीवाल्याला चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी त्याने मला दुमडून हातात धरलं. मला वाटलं, फिरायला निघालो. करड्यालाही तसंच वाटलं आणि तो शेपूट हलवत पुढे आला. मग मी त्याच्या पाठीवर उतरलो.

मित्रांनो, त्या आवाजाची मला अजून भीती वाटते. तो माझाच आवाज होता.

नेम ठरला. एक गुरगुर, एक फटका. किल्लीवाला दुष्ट नव्हता. मारून झालं की त्याचं तोंड उतरायचं, जेवताना तो आपल्या ताटातलं त्याला द्यायचा. पण नेम मोडायचा नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. एकोणीस दिवसांत गुरगुर थांबली. शिवाय दुकानात येणाऱ्यांना त्रास नको, म्हणून करड्याला दिवसभर टेबलाच्या पायाला बांधू लागले. मला दोन वेढे देत. त्याला टेबलाखाली, भिंतीपाशी जेमतेम हातभर जागा उरे.

मग कौतुक सुरू झालं. कुत्रा आहे की उशी, असं लोक थट्टेने विचारत. "तीन आठवड्यांत सरळ केला," किल्लीवाला सांगे.

पण माझा आकडा त्याच्या मानेपाशी होता. बाहेरून उशी दिसणाऱ्या त्या कुत्र्याच्या मानेत काय चाललं होतं, ते एकट्या मला कळत होतं. बटणची पावलं वाजली, की त्याची मान लाकडासारखी ताठ व्हायची. तो तोंड फिरवायचा. झोप आलेली नसताना जांभई द्यायचा. पुन्हा पुन्हा ओठ चाटायचा. डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसू लागायचा. त्याला तिथून उठून जायचं असायचं, पण मी त्याला जाऊ देत नव्हतो. सांगायचं असायचं, पण सांगितलं की काय होतं हे तो माझ्याकडूनच शिकला होता. पळायची वाट बंद आणि बोलायचीही बंद. दिवसेंदिवस ती मान जास्त ताठ होत होती. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण पट्ट्याला आवाज कुठला? मी जीव मुठीत धरून वाट पाहत राहिलो.

एका दुपारी बटणचा चेंडू टेबलाखाली गेला. ती रांगत आत शिरली. किल्लीवाला वर टेबलापाशी किल्ली कानशीने घासत होता. त्याने खाली वाकून पाहिलं आणि आत बायकोला ऐकू जाईल असं कौतुकाने म्हणाला, "बघ तरी, पोरगी अंगावर चढली तरी हूं नाही."

बटणने चेंडू सोडला आणि मला धरलं. उठण्यासाठी तिने मला ओढलं. करड्याची मान तिच्याकडे खेचली गेली. तिचा दुसरा हात त्याच्या पडलेल्या कानावर पडला.

करड्याचा आवाज झालाच नाही. आधीही नाही, नंतरही नाही. फक्त दात मिटले. मी तिच्या मुठीत होतो, म्हणून दोन सुळे माझ्यातून आरपार गेले. तिसरा दात तिच्या मनगटावरून ओरखडा काढत गेला. मग रक्त दिसलं, आणि मग ती रडली.

तिच्या आईने तिला ओढून घेतलं, जखम साबणाने खूप वेळ धुतली आणि दवाखान्यात नेलं. जखम वरवरची होती. पण करड्या टेबलाखाली भिंतीत शिरल्यासारखा अंग चोरून थरथरत होता, आणि मारासाठी मला सोडवायलाही कोणी आलं नाही. त्या शांततेची मला मारापेक्षा जास्त धडकी भरली. परत आल्यावर किल्लीवाला बायकोला एवढंच म्हणाला, की सकाळी याचा निकाल लावतो. ती म्हणाली, मीही येते.

सकाळी त्याने मला टेबलाच्या पायापासून सोडवलं तेव्हा करड्या नाचला नाही. रस्त्यात किल्लीवाल्याच्या मुठीचा घाम मला लागत होता. ती मूठ इतकी घट्ट होती, की एरवी कोणाकडे न पाहणारा करड्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे दचकून पाहू लागला. एका टोकाची भीती मीच दुसऱ्या टोकाला पोचवत होतो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्यावर किल्लीवाल्याने सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाला, "एक सुई द्या आणि त्याला मोकळं करा. घरात लहान मूल आहे."

 डॉक्टरीणबाई करड्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या आणि खाऊचा एक तुकडा बाजूला टाकला. बराच वेळ गेला. तुकडा संपला, मग दुसरा. मग त्यांनी अगदी हळू त्या पडलेल्या कानाच्या मुळाशी बोट लावलं. मान ताठ झाली. त्यांनी हात लगेच काढून घेतला.

"याला खूप दुखतंय. घाबरलाही आहे. तरी आवाज नाही," त्या म्हणाल्या. "आधी गुरगुरायचा का?"

"गुरगुरायचा. मोडली मी ती खोड," किल्लीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान अजून शिल्लक होता.

"म्हणजे चावण्याआधी तो जे सांगायचा, तेवढंच तुम्ही मोडलंत. चावणं तिथेच राहिलं."

 मग किल्लीवाल्याची बायको नवऱ्याकडे न पाहता सावकाश म्हणाली, "अहो, आवाज येतोय म्हणजे आत काहीतरी घासतंय. कुठे घासतंय ते बघायला नको?"

माझ्या कड्यातली मूठ सैल झाली. इतके दिवस ती किती आवळलेली होती, ते मला तेव्हा समजलं.

कानात खोलवर जुनं दुखणं निघालं. औषध मिळालं. बांधून ठेवायचं नाही. झोपायला अशी जागा द्यायची, की तिथून दोन्ही बाजूंनी उठून जाता येईल. बटणने त्याच्याकडे जायचं नाही, त्याला हाक मारायची, आला तर ठीक. मोठं माणूस शेजारी नसताना दोघांना एका खोलीत ठेवायचं नाही. आणि मारायचं कधीच नाही. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की तो बरा दिसेल, पण गप्प आहे तोवर खरा धोका आहे. "ज्या दिवशी पुन्हा गुरगुरेल, त्या दिवशी घाबरू नका. मला कळवा."

नंतरचे दिवस भीतीतच गेले. कान बरा झाला, शेपूट हलू लागलं, पण गुरगुर आली नाही. घरातले सगळे पावलं मोजून टाकत. खुंटीवरून मी पाहत राही. बेचाळीस दिवस गेले.

त्रेचाळिसाव्या दिवशी दुपारी करड्या दारापाशी झोपला होता. बटण नियम विसरली आणि चेंडू घेऊन त्याच्यावर वाकली. आणि ती आली. खोल, खरखरीत, बरेच दिवस न वापरलेल्या दारासारखी गुरगुर.

कानस थांबली. किल्लीवाला उठला. त्याचा हात थेट खुंटीकडे आला आणि माझ्याभोवती मिटला. करड्याने ते पाहिलं. तो जमिनीला चिकटला आणि त्याने डोळे मिटून घेतले. मित्रांनो, त्या क्षणाइतका मी कधीच घाबरलो नाही. कारागिराने मला कच्चं शिवलं असतं आणि मी त्या हातात तुकडे होऊन पडलो असतो, तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं.

हात उघडला. किल्लीवाल्याने बटणला आपल्याकडे बोलावलं आणि मांडीवर घेतलं. तो तिला म्हणाला, "तो सांगतोय, आत्ता नको. ऐकलंस ना? मग आपण थांबायचं."

करड्याने एक डोळा उघडला. तो उठला, अंग झटकलं आणि दुसऱ्या बाजूला जाऊन पडला. आतल्या खोलीतलं शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं.

आता मी म्हातारा झालो आहे. माझं चामडं तडकलं आहे. आजही मला घाईने काढलं, की करड्या क्षणभर अंग चोरतो. तेवढी भीती मी त्याच्या अंगात कायमची ठेवली आहे आणि कोणतंही तेल ती पुसू शकत नाही. म्हणून किल्लीवाला मला सावकाश काढतो, खाली बसतो आणि तळहातावर धरतो. करड्या येतो, ती दोन भोकं हुंगतो, मग मान पुढे करतो. तो येईपर्यंत किल्लीवाला थांबतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी मुकं जनावर गुरगुरलं, तर त्याला गप्प करण्याआधी त्याचं काय दुखतंय ते पाहा. आणि ज्या पट्ट्याने त्याला फिरायला नेता, तो त्याच्यावर कधीही उगारू नका. आम्हाला मारता येतं, पण मारलेलं परत घेता येत नाही.