अग्निनारायणाची घाई

विठ्ठलवाडीच्या सोसायटी हॉलबाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. आत भगव्या आसनावर गोपीनाथ महाराज, हातात वीतभर पितळी नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या.

"ना काडी, ना लायटर! भक्ताची वात आणि अग्निनारायणाची मर्जी!" असं गर्जून ते नळीत कोरडी वात सारत, दट्ट्यावर थाड्‌कन तळहात मारत, आणि कापूस लालभडक होऊन बाहेर येई.

"अगं बाई, पेटली की!" बायकांचे हात कपाळाला जात.

वाती मंदाकिनीबाईंच्या. लक्ष वातींचं व्रत त्यांनी नवऱ्यासाठी, हरिहररावांसाठी धरलं होतं; एकेक वात नाम घेत वळलेली. पहिली पेटली तेव्हा महाराज म्हणाले होते, "व्रत पोचलं, माते. आता फिटच्या गोळ्या म्हणजे देवावर अविश्वास." बाईंनी गोळ्या थांबवल्या. आणि काल हरिहरराव फिट येऊन मोरीत कोसळले. कपाळाला टाके पडले.

कल्याणच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी लेक क्षिप्रा धावत आली. आत्ता ती आईशेजारीच बसली होती.

"आई, दट्ट्याला तूप का चोपडतो गं हा?"

"नैवेद्य तो."

"कसला नैवेद्य! दट्ट्याला रबराचा वॉशर आहे, तो तुपानं झटक्यात सरकतो आणि हवाही निसटत नाही. सायकलला जोरात पंप मारला की तो खालून तापतो ना? तसंच. झटक्यात दाबलं की हाताचं सगळं काम कोंडलेल्या हवेत उतरतं. उष्णतेला बाहेर पडायला सवडच नाही. हवेची आतली ऊर्जा वाढते, ती भयंकर तापते, कापूस पेटतो."

"आणि हळू दाबलं तर?"

"उष्णता पितळेतून निघून जाते. वात थंडच."

मंदाकिनीबाई उठल्या. आवाज इतका हळू, की हॉल आपोआप गप्प झाला.

"महाराज, आज सावकाश दाबा."

"अग्निनारायणाला तिष्ठत ठेवू नये, माते!"

"इतक्या वाती वळल्या, मी कधी घाई केली नाही. देवाला कसली घाई?"

"हां महाराज, दाबा ना हळू! काय टेन्शन आहे?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

दाबावंच लागलं. वात पांढरीशुभ्र बाहेर आली.

"इथं कुणीतरी विटाळ घेऊन बसलंय!" महाराज ओरडले.

क्षिप्रानं नळी घेतली, तीच वात सारली, थाड्‌! कापूस लाल झाला. "मला तर मंत्रही येत नाही."

मंदाकिनीबाई त्या ठिणगीकडे बघत राहिल्या. "देवाच्या नावानं वळलेली वात मी विश्वासानं तुमच्या हातात दिली," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तिच्यावर माझ्या माणसाचा जीव पणाला लावलात." मग बायकांकडे वळल्या. "व्रतं करा गं, मीही करणार. पण कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला म्हणा, पुन्हा कर, सावकाश कर, मला करू दे. देव त्यानं रागावत नाही. रागावतो तो माणूस."

संध्याकाळी त्यांनी आधी हरिहररावांना डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलेली गोळी दिली, घोटभर पाणी दिलं. मग देवापुढे बसल्या, आणि काडेपेटीतली साधी काडी ओढून निरांजन लावलं.