शेंदराखालच्या तीन खुणा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. कोल्हापुरात, पंचगंगेकडं उतरणाऱ्या एका गवळी गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माणूस हातात टेप घेऊन आला की मला धडकी भरते आणि हार घेऊन आला की त्याहून जास्त. का, ते ऐका.

संस्थानच्या काळात मला जोतिबाच्या डोंगराकडच्या खाणीतून काढलं. एका पाथरवटानं माझ्या अंगावर छिन्नीनं तीन आडव्या खुणा पाडल्या. शहर उंचवट्यावर वसलेलं, पण आमची गल्ली उताराला. तिकडं राधानगरीच्या रानात चार दिवस पाऊस कोसळला की इकडं नदी घाट गिळून वर यायला लागते. म्हणून नियम ठरला. पाणी खालच्या खुणेला लागलं की म्हशी सोडायच्या. मधल्या खुणेला लागलं की म्हातारीकोतारी आणि पोरं हलवायची. वरच्या खुणेला लागलं की दाराला कडी घालून सगळ्यांनीच निघायचं.

चन्नाप्पा गवळी माझा राखणदार. पावसाळ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन यायचा आणि खुणेत बोट घालून पाणी बघायचा. एका मोठ्या पुरात त्यानं वेळेवर हाळी दिली आणि गल्लीतलं एक रेडकूसुद्धा गेलं नाही. लोक म्हणाले, दगडानं राखलं! दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्या अंगावर शेंदराचं बोट ओढलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण खरं सांगू? बरं वाटलं. उन्हापावसात उभ्या दगडाची विचारपूस कोण करतं?

पुढं दर अमावास्येला तेल, शेंदूर, नारळ सुरू झालं. मी गल्लीचा म्हसोबा झालो. चन्नाप्पा गेला आणि बोट घालून बघणारं कुणी उरलं नाही. मधली खूण शेंदरानं बुजली. रस्ता दर वेळी नवा होताना वीतभर वर चढला, गोठे होते तिथंच राहिले, आणि माझी खालची खूण डांबराखाली गेली. दिसायची ती फक्त सगळ्यात वरची.

मग २०१९ चा पूर आला. चन्नाप्पाची सून शिवम्मा पाच म्हशी सांभाळते. रोज संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देते, पाण्याचा थेंब नाही. सासऱ्याचा शब्द तिच्या ध्यानात होता, पहिल्या खुणेला म्हशी सोडायच्या. ती माझ्याकडं टक लावून बसली. तिला दिसणारी पहिली खूण म्हणजे माझी तिसरी! पाणी तिथवर आलं तेव्हा गोठ्यात छातीभर पाणी होतं. चार म्हशी कशाबशा निघाल्या. चंद्री नावाची गाभण म्हैस दाव्यालाच गेली. पूर ओसरल्यावर शिवम्माला वाटलं, देव कोपला. तिनं मला दुप्पट शेंदूर लावला. दोन वर्षांनी पुन्हा पाणी आलं तेव्हा भ्यालेली माणसं आधीच वर पळाली म्हणून निभावलं. पण भीती किती वर्षं टिकणार?

यंदा मे महिन्यात एक बाई आली, रोहिणी तिचं नाव. शाळेत भूगोल शिकवते. तिच्या आजोबांचं या गल्लीत पेंडीचं दुकान होतं. तिच्या एका हातात टेप, दुसऱ्या हातात छिन्नी. मला वाटलं, आता आपण हलणार. या शहरात पूर्वी कितीतरी तळी होती. कपिलतीर्थावर आज मेथी-कोथिंबीर विकतात, वरुणतीर्थाचं मैदान झालं. तळ्यांची ही गत, तर माझ्यासारख्या धोंड्याला उचलायला कितीसा वेळ? ती चार वेळा मापं घेऊन वहीत काहीतरी लिहू लागली आणि माझी खात्रीच पटली.

शिवम्मा शेणाच्या हातानंच पुढं आली. "ओ बाई, म्हसोबाला टेप कशाला लावताय? हलवायचा इचार हाय काय?"

"न्हाय ओ मावशी. आमचे आजोबा सांगायचे, ह्या दगडाला तीन खुणा हायत. मला एकच दिसतीया."

"एकच हाय. पयली."

"मग हिच्या वर अजून दोन पायजेत की. वर तर दगडच संपतोय."

शिवम्मा माझ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं हात जोडले, पण असं तिनं कधी बघितलं नव्हतं. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "मंग ही कितवी म्हणायची?"

"तिसरी, मावशी."

तिनं त्या खुणेवर बोट ठेवलं. "म्हंजे चंद्रीला मीच बांधून ठेवली," ती म्हणाली. मला वाईट वाटलं. मग ती गोठ्यातून खुरपं घेऊन आली. शेजारचे आण्णा आडवे आले. "शिवम्मा, देवाला खुरपं लावतीस? कोप हुईल."

"झाला की कोप, आण्णा. आनी किती व्हायचा ऱ्हायलाय?"

तिनं स्वतः माझा शेंदूर खरवडला. नारळाची करवंटी सुटावी तशी शेंदराची खोळ निघाली आणि मधली खूण उघडी पडली. खोळ तिनं नमस्कार करून नदीत सोडली. पायाशी खणलं तेव्हा खालची खूण सापडली, बरोबर गोठ्याच्या उंबऱ्याइतकी. तिथला खड्डा आता कुणी बुजवत नाही.

जुलैत गटार उलटं वाहू लागलं आणि खड्ड्यात पाणी चढलं. शिवम्मानं वाकून खालच्या खुणेत बोट घातलं, सासऱ्यासारखंच. बोट ओलं झालं. तिनं हाळी दिली आणि गोठे कोरडे असतानाच गल्लीतल्या झाडून साऱ्या म्हशी चढ चढून गेल्या. पाणी त्या रात्री उंबरा ओलांडून आत आलं. दाव्याला कुणी नव्हतं.

मित्रांनो, ज्यानं तुम्हाला राखलं त्याच्या पाया जरूर पडा, पण त्याच्यावर लिहिलेलं तेवढं झाकू नका. अमावास्येला शिवम्मा शेंदराची वाटी घेऊन आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिनं फक्त माथ्यावर एक बोट टेकवलं, तिन्ही खुणांच्या वर, आणि गेली. बाई भली आहे. तरी दर अमावास्येला ते बोट किती खाली उतरतंय, यावर मी नजर ठेवून असतो.