वळवाची वाट पाहणारी गळती

मी गळती बोलतेय. घाबरू नका, नळाची नव्हे, देवघरातली. तांब्याचं गोल भांडं, तळाला सुईच्या अग्राएवढं भोक, वर तीन साखळ्या, आणि खाली महादेवाची पिंडी. माझ्यात पाणी भरतात आणि ते थेंबाथेंबानं देवाच्या माथ्यावर पडत राहतं. इथे तंजावुरातल्या तमिळ शेजारणी मला धारापात्र म्हणतात. दोन्ही नावांना मी ओ देते.

मला घडवलं कुंभकोणच्या एका तांबटानं, पण मला विचाराल तर मी नवसातून जन्मले. राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या विजयलक्ष्मीनं लग्नानंतर बरीच वर्षं मुलाची वाट पाहिली. सोमवार झाले, प्रदोष झाले, लोकांनी सांगितलेली सगळी देवळं झाली. शेवटी एका रखरखीत चैत्रात ती घरच्याच पिंडीपुढे बसली आणि म्हणाली, "माझी कूस उजव. तुला तांब्याची गळती वाहीन. दरवर्षी युगादीच्या पाडव्यापासून पहिली सर पडेपर्यंत, विहिरीच्या पाण्यानं, तोंडात काही घालायच्या आधी, माझ्या हातानं ती भरीन."

पुढच्या युगादीला मी या घरात आले, तेव्हा पाळण्यात नंदिता होती.

नवस बोलताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. त्याचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं आभाळाच्या. पण त्यानं कधी काही बिघडलं नाही. पाडवा झाला, मी माळ्यावरून खाली आले, उन्हं तापली, की एखाद्या संध्याकाळी ढग दाटायचे, आंब्याच्या कैऱ्या झडायच्या आणि वळवाची सर अंगणात सडा घालून जायची. विजयलक्ष्मी हात जोडायची, मला चिंचेनं घासून पुसून जुन्या लुगड्यात गुंडाळायची, आणि मी परत माळ्यावर, नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या पेटीशेजारी. त्या बाहुल्या कुरकुरायच्या की आम्हाला नऊच दिवस. मी म्हणायचे, बायांनो, माझंही फार नाही.

यंदा मात्र आभाळाला झालंय तरी काय, कळत नाही. पाडवा गेला, रामनवमी गेली, तमिळ नवं वर्ष आलं आणि जुनं झालं, तरी थेंब नाही. पहाटे दारात सडा घालावा तर रांगोळीचा पहिला ठिपका ठेवेपर्यंत जमीन पाणी पिऊन मोकळी. वेण्णारू नदीच्या पात्रात नुसती वाळू. विहिरीचा दोर पुरेना म्हणून त्याला दुसरा दोर जोडला. वर येणारं पाणी मचूळ, आणि त्याचा पांढरा थर माझ्या पोटात बसू लागला.

विजयलक्ष्मीचे यजमान गुरुमूर्तीराव. ओरत्तनाडुच्या तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. मनानं चांगले, पण सकाळची फिल्टर कॉफी पोटात गेल्याशिवाय ते माणसात येत नाहीत. नवस, उपास या गोष्टी बायकोकडे सोपवून ते निर्धास्त होते. या उन्हाळ्यात त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे फोनमधला हवामानाचा अंदाज वाचणं. रोज तिथे लिहिलेलं असे, हलक्या सरींची शक्यता. मग ते अंगणात उभं राहून तो फोन वर धरत आणि आभाळाला विचारत, हे तू वाचलंयस का?

शेजारच्या अखिलाचं मात्र उलटं. ती विजयलक्ष्मीपेक्षा वयानं धाकटी, तमिळ घरातली, आणि वर्षभराचे वडाम एकटी घालणारी. शिजवलेल्या पिठाचे ते पापड तिनं गच्चीवर धोतरं पसरून वाळत टाकले होते, आणि ऊन कडक म्हणून ती खूश. एकदा कठड्यावरून वाकून म्हणाली, "अक्का, तुमच्या देवाला सांगा ना, माझे वडाम डब्यात जाईपर्यंत जरा थांब म्हणावं." विजयलक्ष्मीला नाही म्हणता येत नाही. तिनं पाऊस दे म्हणता म्हणता तेही देवाला सांगितलं. त्यामुळे काही दिवस महादेवापुढे एकाच गल्लीतले दोन उलटसुलट अर्ज पडून होते.

हसण्यावारी चाललं होतं सगळं. मग नंदिताचा फोन आला.

नंदिता कोइंबतूरला असते. पहिलटकरीण. खरं म्हणजे बाळंतपणाला माहेरी यायची, सगळं ठरलं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आई, मी येऊ शकत नाही, तूच ये. विजयलक्ष्मीनं हो म्हटलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी टपटप करत होते. दुसरं मला येतं काय.

तिची अडचण मला तिच्याआधी कळली. सर पडल्याशिवाय तिचा हात सुटत नव्हता.

तेव्हापासून ती देवाकडे फक्त पाऊस मागू लागली, तोही मनापासून. अखिलाला तिनं सांगून टाकलं की आता मी थांबायला सांगणार नाही हो. अखिलानंही बाकीचे वडाम पटापट घरात नेले आणि म्हणाली, आता पडला तर मीच नाचेन. दोन अर्जांचा एक झाला. आभाळानं दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

अशात पापनाशमहून गुरुमूर्तीरावांच्या चुलतभावाचा, वरुणरावांचा फोन. तिकडे म्हणे चांगला पाऊस झाला, भाताच्या खाचरात पाणी साचलं. सांगताना असे ऐटीत, जणू त्यांनीच पाडला. गुरुमूर्तीराव उठून देवघराच्या दारात आले. आयुष्यभर सरकारी कागद वाचलेला माणूस. त्यांना वाट सापडली होती.

"विजया, तू नवसात सर पडेपर्यंत म्हणालीस. कुठे पडेपर्यंत ते म्हणाली नाहीस. पापनाशमला पडली. जिल्हा तोच."

विजयलक्ष्मी फुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाला तालुका-जिल्हा शिकवू नका."

ते परत गेले. पण मी खाली पाहिलं, तर तिनं एकच फूल किती तरी वेळ हातात धरलं होतं. पापनाशमचा पाऊस चालला असता तर तिला तो हवाच होता.

चैत्राची अमावास्या जवळ आली आणि एका दुपारी जावयाचा फोन आला. डॉक्टरीणबाई म्हणतात, ठरल्यापेक्षा लवकर होईल, रक्तदाब वाढलाय, नंदिता घाबरलीय, सारखी आईला विचारते. विजयलक्ष्मी येऊन माझ्यासमोर पाटावर बसली. गुरुमूर्तीराव आले आणि म्हणाले की बॅग भर, संध्याकाळच्या गाडीची तिकिटं बघतो.

"कशी जाऊ?" ती म्हणाली. "ज्या नवसानं ही पोर दिली, तो तिच्याच बाळंतपणात मोडू? आणि तिला काही झालं तर?"

आता या घरातल्या भीतीचं नाव उघड झालं. बायकोचे नवस म्हटले की मिशीत हसणारे गुरुमूर्तीराव यावेळी हसले नाहीत. गुडघे धरून ते तिच्याशेजारी खाली बसले. बराच वेळ माझा थेंब कसा जमतो, लांबतो आणि सुटतो, ते पाहत राहिले. मग म्हणाले, "मी भरतो."

"माझ्या हातानं म्हटलंय मी."

"लग्नात तुझ्या वडिलांनी आपल्या दोघांच्या हातांवर पाणी सोडलं. एकाच धारेखाली दोन्ही हात होते. त्यातला तुझा कुठला आणि माझा कुठला, विचार तुझ्या महादेवाला."

विजयलक्ष्मीनं त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हे वाक्य या माणसाच्या पोटात होतं, हे तिला ठाऊक नसावं. मलाही नव्हतं. पण ती गृहिणी, भावनेच्या भरात व्यवहार सोडणारी नव्हे.

"कॉफीच्या आधी?" तिनं विचारलं.

गुरुमूर्तीराव थांबले. खरंच थांबले. एवढा मोठा विचार त्यांनी निवृत्तीच्या कागदावर सही करतानाही केला नसेल.

"कॉफीच्या आधी," ते म्हणाले.

मग तिनं माझ्या खाली पळी धरली, ती थेंबाथेंबानं भरू दिली, आणि ते पाणी त्यांच्या ओंजळीत सोडलं. देवाला एवढंच म्हणाली की हा हात माझाच समज. त्यानंतर जी सूचनांची सरबत्ती सुरू झाली ती गाडीची वेळ होईपर्यंत. विहिरीचं पाणी गाळून घ्या. ओल्या धोतरानं देवघरात येऊ नका, सोवळं दांडीवर आहे. भोक बुजलं तर चिंच चोळा, टाचणी घालू नका, भोक मोठं झालं तर देव पुरात सापडेल.

पहिल्या सकाळी गुरुमूर्तीरावांचा चेहरा पाहण्यासारखा होता. डोकं ठणकतंय, शेजारून अखिलाच्या घरातला कॉफीचा वास येतोय, आणि हे दोर ओढतायत. पाणी सांडलं, साखळी वाकडी झाली, मी एका अंगाला कलले. पण भरलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी जरा सरळ. तिसऱ्या दिवशी विहिरीत वाकून ते स्वतःशीच म्हणाले की बाई रोज हे ओढत होती आणि मी आत बसून कॉफी थंड आहे म्हणत होतो. ते बोलणं विहिरीनं ऐकलं आणि मी.

अशीच एक सकाळ. पाणी भरलं, आणि थेंब पडेना. मचूळ पाण्याचा थर माझ्या भोकात बसला होता. मी आतून जोर लावला, पण मी भांडं, माझा जोर तो किती. गुरुमूर्तीरावांनी फोन लावला, विजयलक्ष्मीनं उचलला नाही. जावयानंही नाही. पुन्हा लावला. मग जावयाचा दोन शब्दांचा निरोप आला की नंदिताला आत नेलंय.

शकुन-अपशकुन न मानणारा तो माणूस माझ्याकडे बघून पुटपुटला, नेमकं आजच? कोनाड्यात टाचणी होती. तिच्याकडे हात गेला, आणि परत आला. चिंच कुठल्या डब्यात असते तेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कठड्याशी जाऊन अखिलाला हाक मारली. ती ओंजळभर चिंच घेऊन धावत आली, पण मला हात लावला नाही. म्हणाली, "तुमच्याच हातानं करा, अण्णा. अक्का तसं सांगून गेल्यात." त्यांनी मला खाली उतरवलं, मांडीवर घेतलं आणि चोळलं. आतून, बाहेरून, पुन्हा आतून. पाणी बदललं. मला टांगलं. तिघंही वाट पाहत राहिलो. तळाशी एक थेंब जमला, लांबला, अडला, आणि पडला. गुरुमूर्तीराव तिथेच भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी त्यांना कॉफीची आठवण झाली नाही.

फोन दुपार कलताना आला. मुलगी झाली. नंदिता बरी आहे, बाळ लहानखुरं आहे पण घसा मोठा आहे. विजयलक्ष्मीनं विचारलं, "भरली होती ना?" ते म्हणाले, "भरली होती." भोकाचं त्यांनी सांगितलं नाही. मीही कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हालाच सांगतेय.

आता वैशाख लागला. सर अजून नाही. आभाळ पितळेच्या परातीसारखं लख्ख, आणि फोन म्हणतो हलक्या सरींची शक्यता. विजयलक्ष्मी बारशानंतर येईल. काल तिनं फोनवर लवकर निघते म्हटलं, तर गुरुमूर्तीराव म्हणाले, लेकीपाशी राहा, इकडचं मी बघतो. माझ्या पोटावर चिंचेनं घासल्याचे ओरखडे आहेत. मला ते दागिन्यासारखे वाटतात.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्हीही एक नवस बोला. फार मोठा नको. एखादं भांडं रोज भरायचा, देवापुढे, तुळशीच्या बुडाशी, नाहीतर गच्चीवर पाखरांसाठी. सर पडेपर्यंत म्हणा, भिऊ नका. आणि मधेच कुठे जावं लागलं, तर घरातल्या माणसाच्या ओंजळीत पळीभर पाणी सोडा आणि निश्चिंत मनानं जा.