काळूच्या फुकट बास्केट

शामसुंदर सरांचा वेत साडेतीन फुटांचा होता आणि तो कायम पाण्याच्या बादलीत बुडवलेला असायचा. ओला वेत तुटत नाही आणि जास्त लागतो. सर रिंगखाली उभे राहायचे. पोरानं ड्रिबल करत यायचं, उडी मारायची, आणि पाय जमिनीवरून सुटले की पोटरीवर, मांडीवर, नाहीतर बरगडीवर फटका बसायचा. फटका खाऊनही बॉल रिंगमधून गेला तर ती बास्केट खरी. फटका खाल्ला आणि बॉल गेला नाही, तर खोटी. आणि एखाद्यानं फटका चुकवून बॉल आत घातलाच, तर सर तोंड फिरवून म्हणायचे, "फुकट." फुकट बास्केट मोजायची नाही, असा नियम होता.

या पद्धतीवर आमच्या शाळेनं ओळीनं सहा वर्षं जिल्हा जिंकला. त्यामुळे पोरांच्या पायांकडे बघून कुणी काही बोललं नाही. आईबापही नाहीत. काही आया तर हळद लावताना विचारायच्या, "आज खऱ्या किती?"

मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण शाळेची कॅन्टीन आमची. आधी माझी आई, विमलाबाई, चालवायची, नंतर मी. नववीत शाळा सुटली ती मी खिडकीच्या या बाजूला आले, एवढंच. खिडकी थेट कोर्टावर उघडते.

सर २००३ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात शाळेनं कोर्टाला नवं सिमेंट केलं आणि ठरवलं की तिथं एक पाटी लावायची: शाळेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. नाव माजी खेळाडूंनी सुचवायचं. रविवारी सकाळी तीसेक जण जमले. आत्ताच्या टीमची पोरंही बघायला आली होती. मुख्याध्यापकांनी चहा घेतला, "एकमतानं ठरवा बरं का," म्हणाले आणि कुणाच्या तरी साखरपुड्याला निघून गेले. शहाणा माणूस.

मग माझ्या खिडकीसमोर वाद सुरू झाला. आणि तीस बाप्ये पँटी वर करून एकमेकांना पोटऱ्या दाखवायला लागले.

"हा बघ, एक्याण्णवचा."

"हा कसला, हा मच्छर चावलाय तुला. हे बघ!"

मयुरेशनं तर शर्टच वर केला. बरगडीवर बोटभर रुंद पांढरा पट्टा. मयुरेश त्र्यंबकेश्वरचा, वडील तिथं पूजा सांगायचे. तो शाळेसाठी मामाकडे पंचवटीत राहिला आणि आता प्लॉटचे व्यवहार करतो. एका दिवसात एकवीस खऱ्या, हा त्याचा विक्रम. तो कुणी मोडला नव्हता. पाटीवर त्याचंच नाव लागणार हे त्यानं मनाशी ठरवून टाकलेलं होतं. इस्त्रीच तशी होती शर्टाला.

"एकवीस," तो म्हणाला. "आहे का कुणी?"

"काळू," सहादू म्हणाला.

सहादू हरसूलकडचा. तेव्हा आदिवासी वसतिगृहात राहायचा, आता एसटीवर ड्रायव्हर आहे. काळू त्याच्याच पाड्यावरचा, त्याच खोलीतला.

सगळे हसले. मयुरेशही हसला. "काळूच्या खऱ्या किती रे? सांग ना. एक तरी? फटक्याला घाबरून पळून गेला तो. नळावर घसरून पडला आणि तेवढं निमित्त करून गावाला पळाला."

"त्याला फटका लागतच नव्हता," सहादू म्हणाला. "लागंल तर मोजशील ना. लय वरचा होता तो तुझ्यापेक्षा. तू मार खाणारा बैल हायेस, मयुऱ्या. खेळाडू नायेस."

मयुरेशनं लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि सहादूच्या तोंडावर घातली.

हे मी लिहिलंय तेवढ्याच वेळात झालं. सहादूचा वरचा ओठ फाटला आणि एक दात ओठातून बाहेर आला. तो तसाच मयुरेशच्या पोटात डोकं खुपसून त्याला टेबलापर्यंत ढकलत घेऊन गेला. माझी चटणीची बरणी फुटली. मग कुणी कुणाच्या बाजूनं, काही पत्ता नाही. एक जण दुसऱ्याचा कान धरून त्याचं डोकं खांबावर आपटत होता. ते दोघं सख्खे साडू होते. मी पातेल्यातलं गार पाणी त्यांच्यावर ओतलं, तेव्हा कुठं ते सुटले आणि धापा टाकत उभे राहिले. सिमेंटवर रक्त होतं आणि चटणी होती, कुठलं काय ते कळत नव्हतं.

"फटका चुकवता येतच नाही," मयुरेश म्हणाला. त्याच्या भुवईतून रक्त डोळ्यात येत होतं. "सर मुद्दाम सोडायचे त्याला. वसतिगृहाचा पोरगा म्हणून दया यायची. मी उभा राहतो रिंगखाली. आत्ताच्या टीममधून कुणीही या. एकानं जरी चुकवून दाखवला, तर लावा काळूची पाटी."

सहादू ओठ रुमालानं दाबून धरून बोलला, आणि जे बोलला त्याबद्दल मी त्याला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. "तृप्ती दाखवंल."

तृप्ती माझी मुलगी. चौदा वर्षांची, मुलींच्या टीममध्ये. ती वडे द्यायला बाहेर आली होती आणि आता पाठीमागं उभी राहून सगळं चवीनं बघत होती.

"नाही," मी खिडकीतून म्हणाले.

"आई, थांब ना," ती म्हणाली, आणि ताट माझ्यासमोर ठेवून कोर्टावर गेलीसुद्धा.

कुणीतरी ऑफिसातून वेत आणला. सर गेल्यावरही तो बादलीसकट तिथंच होता. कुणीतरी बादलीत पाणीही बदललं असावं. आमच्याकडे श्रद्धेला तोटा नाही.

इथं मला काळूबद्दल सांगायला हवं.

ब्याण्णव साली तृप्ती दोन वर्षांची होती आणि काउंटरखाली झोळीत झोपायची. काळू दहावीत. हडकुळा, बुटका, बूट वसतिगृहानं दिलेले आणि एक नंबर मोठे. तो रिंगकडे बघायचाच नाही. सरांच्या खांद्याकडे बघायचा. खांदा हलला की तो हवेतच वळायचा, बॉल उजव्या हातातून डाव्यात घ्यायचा, आणि वेत सप्पकन जमिनीवर. सर म्हणायचे, "फुकट." एका दिवशी ओळीनं चौदा वेळा वेत जमिनीवर आपटला. चौदाव्या वेळी पोरं हसली. सरांनी शिट्टी वाजवून पाण्याची सुट्टी दिली.

काळू नळावर वाकून ओंजळीनं पाणी पीत होता. सर मागून आले. त्यांनी वेत उलटा धरला, मुठीकडचा जाड भाग पुढे करून, आणि नळाच्या कठड्यावर टेकलेल्या त्याच्या उजव्या कोपरावर मारला. एकदाच नाही. तीनदा. पहिल्याच वेळी जो आवाज आला तो वेताचा नव्हता.

माझ्या आईनं खिडकीचं फळकुट खाली ओढलं. "तुला काही दिसलं नाही," ती म्हणाली. कॅन्टीन दर जूनला सरांच्या शब्दावर मिळायची. मला काही दिसलं नाही. शाळेनं सांगितलं, शेवाळावरून घसरला. गावाकडे कुणीतरी हाड बसवलं, वाकडं. तो परत आला नाही. पुढे एकदा द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी नाक्यावर मजुरांच्या घोळक्यात मला दिसला. मुकादम एकेकाला गाडीत चढवत होता. काळूचा हात बघून त्यानं मागच्याला पुढं बोलावलं. काळूनं मला ओळखलं. "काय ताई," म्हणाला, "वडे चालू हायेत ना?" मी हो म्हणाले आणि रिक्षात बसले.

तर त्या रविवारी माझी मुलगी त्याच रिंगकडे निघाली होती.

पहिल्यांदा आली. मयुरेशनं वेत उगारला, तृप्ती वळली, वेत सिमेंटवर. बॉल आत. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्यांदा तसंच. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझी काय अवस्था होती ते मी सांगत नाही. तेलातला घाणा जळून कोळसा झाला, एवढं सांगते. तिसरी. चौथी. सहादू फाटक्या ओठानं मोजत होता, "फाच!" सहाव्यांदा वेत तिच्या वेणीला लागला, अंगाला नाही. सातव्या वेळी मयुरेशनं दोन्ही हातांनी, जीव खाऊन मारला. वेत खांबावर बसला, हिसका त्याच्याच खांद्याला गेला, आणि सगळे हसले.

मयुरेशची ती मान, तो घट्ट मिटलेला ओठ मी आधी बघितलेला होता. त्यानं वेत हातात फिरवला आणि उलटा धरला.

बॉल घरंगळत कडेला गेला होता. तृप्ती मयुरेशकडे पाठ करून तो उचलायला वाकली होती.

मी कॅन्टीनच्या दारातून कधी निघाले ते मला आठवत नाही. हातात वडे तळायचा झारा होता, उकळत्या तेलातून आत्ताच काढलेला. मी पोचले तेव्हा वेत खाली येत होता. तो माझ्या डाव्या हाताच्या नळीवर बसला आणि मला पुन्हा एकदा तो आवाज ऐकू आला, बारा वर्षांनी, या वेळी आतून. दुखलं नाही लगेच. मी उजव्या हातानं झारा मयुरेशच्या गालावर मारला. कातडी चर्रकन बोलली. तो ओरडला. मी पुन्हा मारला, कानावर. तो खाली बसला, तेव्हा डोक्यात मारला. झाऱ्याचा दांडा वाकला. सहादूनं मला मागून कव घातली नसती तर मी थांबले नसते, हे मी अभिमानानं सांगत नाही आणि शरमेनंही नाही.

"ताई! मरंल तो! ताई!"

"नळावर मारलं काळूला!" मी ओरडत होते. "सरांनी मारलं! वेत उलटा धरून, असाच, पाठीमागून! घसरला नव्हता तो! आणि हा बाजूच्याच नळावर होता. विचारा त्याला!"

मयुरेश जमिनीवर बसला होता. गालावर झाऱ्याची जाळी उमटली होती, भोकाभोकांची.

"पंधरा वर्षांचा होतो मी, सविताताई," तो म्हणाला. "मला वाटलं, आता माझा नंबर. मी पाणी पीतच राहिलो. पोट फुटेपर्यंत प्यायलो." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर मोठ्या होतात."

हे मात्र त्यानं झाऱ्यापेक्षा जोरात मारलं. मी तेवीस वर्षांची होते. माझ्या कडेवर मूल होतं आणि डोळे चांगले होते.

"होते," मी म्हणाले.

सहादू मला सोडून बाजूला झाला. तो रडत होता की ओठ दुखत होता कोण जाणे. त्यानं वेत उचलला, रिंगच्या खांबावर आपटला, पण ओला वेत तुटतो कुठं. शेवटी त्यानं तो पायाखाली धरून दोन्ही हातांनी पिळला, दोरीसारखा, चिरफळ्या निघेपर्यंत. त्याच्या तळहातात कुसळं गेली. तरी तो पिळतच होता. साडूंपैकी एक जण हळूच म्हणाला, "मग पाटीचं काय करायचं?" त्याला दुसऱ्यानं थोबाडीत दिली.

दवाखान्यात जाताना रिक्षात तृप्ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती. माझा डावा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला. ती पुढे बघत होती, नाकपुड्या फुगवून.

"सात झाल्या होत्या माझ्या," ती म्हणाली. "तू मध्ये आलीस."

"हो."

"आठवीपण गेली असती."

"तू बॉल उचलायला वाकली होतीस. तो मागून मारणार होता."

रिक्षा खड्ड्यात गेली, मी ओरडले, तेव्हा तिनं मला कमरेला धरलं आणि हात तिथंच ठेवला.

"वाकले होते तर ती धरायचीच नाही," ती म्हणाली. "सातच धर. काळूच्या किती होत्या?"

"चौदा. त्या एका दिवसाच्या."

"कुणी मोजल्या? फुकट तर मोजत नव्हते ना?"

"मी मोजल्या."

तिनं माझ्याकडे नीट वळून बघितलं. असं बघितलं की त्यापेक्षा मला हाताचं दुखणं बरं वाटलं. बारा वर्षं मोजून ठेवलेलं मी कुणाला सांगितलं नव्हतं, हे तिला कळलं, आणि तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढे कधीतरी विचारेल.

दवाखाना आला. तिनं मला खांद्याला धरून उतरवलं.

"म्हणजे अजून सात राहिल्या," ती म्हणाली. "पण वेत नको आता. हातानं अडवायला कुणीतरी पाहिजे. काळूदादा येईल का गं, बोलावलं तर?"

"उजवा हात सरळ होत नाही त्याचा."

"अडवायला उजवाच लागतो असं कुठंय?"

मी आत एक्स-रेच्या रांगेत बसले. ती दारातच उभी राहून सहादूची वाट बघत होती. तो टाके घालायला मागून येत होता, आणि हरसूलची गाडी किती वाजता सुटते, हे तिला त्यालाच विचारायचं होतं.