सुईत दोरा ओवताना

मास्तरांनी शिवलेला कोट घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ दिसतो, असं लोक म्हणायचे. मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. जीभ वाचली, पण उजवा हात लुळा पडला आणि कोटांचं काम थांबलं. दुकान त्यांच्या बायकोवर आलं. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं एवढंच काम उरलं. जुनी गिऱ्हाइकं समोरून जाताना मान वळवू लागली.

शेजारच्या फोटोस्टुडिओवाल्याने सुचवलं, "वहिनी, दुकान मोबाईलवर आणा. सोशल मीडियाचा ऑनलाइन कोर्स असतो, घरबसल्या शिकता येतं."

दुपारी दुकानात सामसूम असे. तेव्हा वहिनी रिळांच्या डब्याला फोन टेकवून बसायच्या. शिकवणारी मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाची, पण बोलणं कसं, लाह्या फुटाव्यात तसं. उजेड कुठून घ्यायचा, मजकूर किती लिहायचा, सगळं वहिनी मन लावून शिकल्या. गृहपाठ म्हणून त्यांनी काज-बटणाचा व्हिडिओ केला. तो मॅडमने पाहिला, फोटोस्टुडिओवाल्याने पाहिला आणि गाडी तिथेच अडली.

"ताई, यात जीव नाही," मॅडम म्हणाली. "लोक कपडे बघायला थांबत नाहीत, माणसं बघायला थांबतात. तुमच्या घरातलं काहीतरी खरं दाखवा."

त्याच आठवड्यात वहिनींना ते दिसलं. आतल्या खोलीत मास्तर खिडकीशी बसले होते. सुई गुडघ्यांत धरून डाव्या हाताने दोरा ओवायला बघत होते. दोरा जाईना. त्यांनी टोक ओलं केलं, पुन्हा नेलं, पुन्हा चुकलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी त्यांनी सुई फेकली आणि लहान मुलासारखं हुंदके देऊन रडले. वहिनी दाराआड उभ्या होत्या. फोन हातात होता.

'हार मानायची नाही' असं लिहून त्यांनी व्हिडिओ टाकला.

फोन थांबेचना. मॅडमने कौतुक केलं. दुकानात अनोळखी माणसं येऊ लागली, कपडे घेऊन. मास्तरही खूश झाले. टेप गळ्यात अडकवून बाहेर येऊन बसू लागले. "शेवटी कामच बोलतं गं," असं म्हणाले. वहिनींनी मान खाली घालून शिलाई चालू ठेवली.

मग एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. "हेच ते आजोबा," तिने मुलीला सांगितलं आणि मास्तरांपुढे वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाली, "आजोबा, दोरा ओवून दाखवता का? हिला बघायचंय."

"कुठला दोरा?" मास्तरांनी विचारलं.

बाईने आपला फोन त्यांच्यासमोर धरला. मास्तरांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग गळ्यातला टेप काढला, टेबलावर ठेवला आणि भिंतीचा आधार घेत जिन्याची एकेक पायरी चढून वर घरात गेले.

वहिनी मागोमाग गेल्या. चुकलेल्या माणसाचा आवाज चढतो, तसा त्यांचाही चढला. "काय वाईट झालं हो? कामं आली ना? दुकान उघडं आहे ना?"

मास्तर खाटेवर टेकले. मग म्हणाले, "ट्रायल रूमचा पडदा मी जन्मभर स्वतः ओढून घेत आलो. अर्ध्या कपड्यातल्या माणसाला कुणी बघू नये म्हणून. आणि तू माझ्यावरचा पडदा काढलास."

"मला वाटलं..."

"विचारलं असतंस तर कदाचित हो म्हटलं असतं."

वहिनींनी लगेच व्हिडिओ पुसला. पण तोवर तो कुणाकुणाकडे जाऊन बसला होता. कुणी त्यावर रडकं गाणं घातलं होतं, कुणी हसण्यासाठी सुईऐवजी बाटली चिकटवली होती. त्यांनी एकेकाला विनवणी लिहिली. एकाने उत्तर दिलं, "काकू, फेमस झालात, आता कशाला रडता?"

कोर्सच्या पुढच्या तासाला मॅडमने पडद्यावर तोच व्हिडिओ लावला. "याला म्हणतात खरेपणा," ती म्हणाली. वहिनी तावातावाने बोलू लागल्या. अहो, ते माझे मालक आहेत, त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं, ते वर तोंड फिरवून पडलेत, सगळं सगळं बोलल्या. पडद्यावरच्या चौकटींतला कुणाचाही चेहरा हलला नाही. वहिनींचा माइक बंद होता. तो चालू केला तेव्हा एवढंच तोंडून निघालं, "बंद करा ते. त्यांनी हो म्हटलेलं नाही."

मॅडमने व्हिडिओ थांबवला. मग ओशाळून म्हणाली, "सॉरी ताई. पुढच्या बॅचला दाखवणार नाही. पण आजच्या तासाचं रेकॉर्डिंग मात्र सगळ्यांना आपोआप जातं."

वहिनींनी कोर्स सोडला. येणाऱ्यांनी आजोबांची चौकशी केली की "ते आता बसत नाहीत" एवढं सांगून त्या माप घ्यायला लागत. वर जेवणाचं ताट नेलं की मास्तर निमूट जेवत. भांडत नव्हते, हेच वहिनींना जास्त सलत होतं.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असताना, जिन्यावर पाय घासल्याचा आवाज आला. मास्तर खाली आले. कापड बेतायच्या टेबलाशी उभे राहिले आणि डाव्या हातात खडू घेतला.

"फोन कुठाय?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"वर ठेवलाय. उशीखाली."

"बघून ये."

फोन वरच आहे, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या जिना चढल्या, उशी उचलून बघितली आणि खाली आल्या.

"वरच आहे हो," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे मास्तरांनी कापडावर पहिली रेघ ओढली. ती वाकडी गेली. वहिनी शिलाईयंत्राकडे तोंड करून बसल्या आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.