पत्र्याचे वाफे

"नीट धर, हात कापंल," हणमंतराव म्हणाले आणि पन्हाळी पत्र्याच्या कोपऱ्यातला बोल्ट कसू लागले. तारामतीने पदर हाताला गुंडाळून पत्रा घट्ट धरला.

लेकाने, अरविंदने नवी गाडी घेतली, तिच्यासाठी शहरातल्या, बरकतपुऱ्याच्या घरापुढे स्लॅबचं पोर्च बांधलं आणि जुन्या शेडचे पत्रे निघाले. तो ते भंगारात घालणार होता, बापाने अडवलं. मागच्या अंगणात कुदळ मारली की वीतभरावर कातळ खण्णकन वाजायचा. उदगीरकडच्या काळ्या रानात उभा जन्म गेलेल्या हणमंतरावांना तो आवाज म्हणजे अपमानच वाटे. खाली जाता येत नाही तर वर जाऊ, म्हणत त्यांनी पत्र्यांचे गुडघाभर उंच वाफे करायला घेतले.

या खटाटोपात तारामतीचा जीव अडकला होता. लेकाकडे येऊन वर्ष होत आलं, तरी हणमंतरावांनी गावाहून आणलेली पत्र्याची पेटी रिकामी करू दिली नव्हती. कपडे तिच्यातूनच काढायचे, तिच्यातच ठेवायचे. अरविंदने दिलेलं कपाट मोकळंच.

"हितं हाताला काम न्हाई," त्यांनी बजावलं होतं. "वाफ्यात मेथी आली तर ऱ्हाऊ. न्हाईतर दसऱ्याला गावी."

तारामतीला जायचं नव्हतं. घरात नळ, केबलवरच्या मालिका, सून रेणूबरोबर नामपल्लीची नुमाइश, म्हणजे भलंमोठं प्रदर्शन. जन्मभर शेणात हात घातल्यावर हे सुख तिला मनापासून आवडलं होतं आणि त्याची तिला तिळमात्र लाज वाटत नव्हती.

माती मात्र गावचीच हवी होती. पुतण्याने तुरीच्या ट्रकवर पोती टाकून धाडली. वाफा भरताना शेजारचे अप्पाराव कुंपणावरून डोकावले.

"हणमंतराव साब, निरी काली मिट्टी नक्को डालो. पानी पीको फूलती वो. हमारी लाल मिट्टी मिलाओ थोडी."

"काळी माती मला शिकवतेत," हणमंतराव बायकोकडे वळून पुटपुटले आणि पाण्याचा पाइप जरा जास्तच मोकळा सोडला.

मेथी उगवली. दोन-दोन पानांनी वाफा हिरवा झाला, तशी तारामती गाणं गुणगुणत वावरू लागली. पत्र्याला पोट सुटलंय, हे तिला दिसत होतं. पण बोलायचं धाडस झालं नाही. एका सकाळी बोल्ट फाटकन उडाला, एक पत्रा उभा चिरला आणि माती मेथीसकट कातळावर पसरली.

हणमंतराव बघत राहिले. माती फुगते हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण रानाला कधी भिंती नव्हत्या.

त्यांनी दसऱ्याचं नाव काढण्याआधीच तारामती भराभरा रोपं घमेल्यात गोळा करू लागली. हणमंतराव रिकामी पोती काखेत मारून निघून गेले. सामान बांधायला दोरी आणायला गेले असावेत, असं वाटून ती आणखी घाईने रोपं वेचू लागली.

घटकाभराने ते परतले, तेव्हा खांद्यावर लाल मातीचं पोतं होतं. मागून दुसरं पोतं घेऊन अप्पाराव धापा टाकत येत होते.

"मैं बोला था ना!"

"हौ, बोले थे. अब फावडा पकडो," हणमंतराव म्हणाले, आणि दोघंही खो-खो हसले.

दिवसभर काळी-लाल माती कालवणं चाललं. संध्याकाळी वाफे पुन्हा उभे राहिले, रोपं रांगेला लागली. हणमंतरावांनी हात झटकले आणि चिरलेल्या पत्र्याकडे पाहिलं.

"पुदिना लावायचा राहिला. पत्रा कमी पडला." मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "आपली पेटी हाय की. बूड गंजलंयच तिचं. रिकामी कर."

"आन् कपडे?"

"कपाट दिलंय न्हवं अरविंदनं."

तारामती पाय धुवायचंही विसरली. रेणूने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तिची चिखलाची पावलं थेट पेटीपर्यंत गेली.