टिकल्या लावलेला पृथ्वीगोल

मी एक पृथ्वीगोल. फुटबॉलपेक्षा जरा लहान, पण अंगावर अख्खं जग, म्हणून थोडा गर्विष्ठ. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या एकमेकींना चिकटवल्या, दांडीवर तिरक्या बसवल्या आणि मी जन्मलो. वाशीच्या दुकानातून गोटीरामकाकांनी मला त्यांच्या मुलासाठी, तेजससाठी, जुईनगरच्या घरी आणलं. तेजसने भूगोलाच्या परीक्षेपर्यंत माझ्यावर प्रेम केलं. नंतर मी कपाटावर. धूळ साचली, तेजसचं लग्नही झालं. आता रद्दीतच जायचं, असं मी धरून चाललो होतो.

पण काकांची द्रोणागिरीकडची जमीन विकली गेली आणि घरात पैसा आला. निम्मा त्यांचा, निम्मा मालतीकाकूंचा, कारण जमीन दोघांच्या नावावर. धाकटी लेक गोजरा फिजिओथेरपी शिकायला लागली होती. तिचं शिक्षण झालं की खांदेश्वरला क्लिनिक काढून द्यायचं, हे नक्की. तोवर पैसा गुंतवायचा कुठे, यावरून रोज जेवताना खडाजंगी.

काकांनी आपला वाटा एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातला. तिची गोदामं द्रोणागिरीत. "रोज तिचे ट्रक बघतो मी," काका छाती काढून म्हणाले. "डोल्यांना दिसतं त्यात पैसा घालावा."

तेजसची बायको सुचिता बँकेत आहे. तिने स्टुलावर चढून मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

"आई, हे बघा. अमेरिका, जपान, जर्मनी. इथले बाजार जुने, जम बसलेले. ब्राझील, तैवान, दक्षिण आफ्रिका अजून वाढतायत. चढतात जोरात, पडतात पण दणकन. फंडातून दोन्हीकडे थोडं थोडं घालू, थोडं इथे ठेवू."

"आनि आपला भारत कशात?" काकांनी विचारलं.

"वाढणाऱ्यांत."

"मंग झालं! सगलं हितंच घाला की!"

"बाबा, एखाद्या वर्षी इथेच बिनसलं तर सगळंच अडकेल ना?"

मालतीकाकू उठल्या आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. जम बसलेल्या देशांना मोठी लाल, वाढत्यांना बारीक हिरवी. बारीक टिकलीखालीसुद्धा तैवान गडप झाला.

"माजा पैसा कुठं कुठं हाय, तो मला पन दिसाया पायजे," त्या म्हणाल्या.

"गोल्याचं लगीन हाय काय?" काका खो खो हसले.

त्या दिवसापासून सकाळचा चहा माझ्यासोबत. काकू मला हळूच फिरवून एकेकाची विचारपूस करत. "काय रं ब्राझील, परत पडलास?"

एका वर्षी सगळेच घसरले, लाल काय नि हिरव्या काय. काकांनी काकूंना चिडवत मला असं गरगर फिरवलं की मला घेरी आली. काकूंचा चेहरा उतरला. पण सुचिता म्हणाली, "थांबा जरा." त्या थांबल्या. पुढे अमेरिका सावरली, तैवान तर उड्या मारत सुटला. ब्राझील मात्र होता तिथेच लोळत राहिला.

गोजराचं शिक्षण संपत आलं, तेव्हाच गोदामवाल्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक तुटलं. शेअर निम्म्याहून खाली आला. ट्रक दिसेनात. काका बाल्कनीत पेपर धरून बसायचे, पान मात्र उलटायचे नाहीत.

खांदेश्वरला जागा पसंत पडली त्या दिवशी ते काकूंसमोर येऊन बसले. "माज्याकडं फारसं काय उरलं नाय गो. पोरीचं कसं व्हयाचं?"

"माजं हाय ना," काकू म्हणाल्या. एवढंच. टोमणा नाही, हसू नाही. वाढलेल्या फंडांतलं थोडं काढलं आणि जागा घेतली.

दुसऱ्या दिवशी काका चष्मा लावून माझ्यासमोर उभे. इकडे तिकडे बघून हळूच काकूंना म्हणाले, "ह्यो ब्राझील कुठं हाय गो?"

आता मी गोजराच्या क्लिनिकमध्ये टेबलावर असतो, टिकल्यांसकट. मान धरलेले, कंबर धरलेले लोक नंबर येईपर्यंत मला फिरवत बसतात. मला ते आवडतं. फक्त गोजराला कुणीतरी माझा निरोप द्या. परवा ती माझ्याकडे फार निरखून बघत होती. बाई गं, मी तिरकाच बरा आहे. मला सरळ करायला घेऊ नकोस!